दुसरी डिस्क

"ताईंना टॅली चालवायचंय का?" दुकानदारानं विचारलं, आणि विचारलं ते माझ्या दादाला.

मी दोघांच्या मधोमध उभी होते. राजारामपुरीतलं ते कॉम्प्युटरचं दुकान म्हणजे एक अरुंद बोळ. दोन्ही भिंतींना खोकी रचलेली, वर एक पंखा, आणि मे महिन्यातली दुपार.

"ताईंना काय चालवायचंय ते ताईंना विचारा की," मी म्हटलं. "तोंड आहे मला."

दादा खाकरला. सर्जेरावदादा माझा थोरला भाऊ. इचलकरंजीत मागाच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं त्याचं दुकान आहे. मोटार खोलायची, जळकी तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची, यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की त्याच्या घशात आवंढा अडकतो. बायकांनी दुकानात तोंड उघडलेलंही त्याला सोसत नाही. त्या दिवशी तो गप्प राहिला, कारण मशीन माझ्या साठवलेल्या पगारातून घ्यायचं होतं.

त्याच्या पलीकडं धैर्यशीलसर उभे होते. सर म्हणजे शालनवहिनीचा धाकटा भाऊ, दादाचा मेहुणा. गावात त्यांचा 'गरुड कॉम्प्युटर्स' नावाचा क्लास होता. सासर सोडून आल्यावर मी तिथंच टायपिंग आणि बेसिक कोर्स शिकवत होते, म्हणून ते नात्यात लहान असूनही मी त्यांना सर म्हणायचे.

"बोला ताई," दुकानदार म्हणाला.

"एका फाइलमध्ये लाखभर वस्तूंची माहिती असते. नाव, किंमत, फोटो, वर्णन. ती सगळी फाइल वाचायची, निवडायची आणि एकेका वस्तूचं एकेक पान तयार करायचं. म्हणून मेमरी जितकी बसेल तितकी बसवा. हार्ड डिस्क दोन द्या. यूपीएस मोठ्यातला मोठा द्या. मॉनिटर कसलाही चालेल."

"एवढी मेमरी लोक गेम खेळायला घेतात," तो म्हणाला.

"मी पानं करायला घेते."

सर हसले. "नूतन, त्यापेक्षा एक चांगलं ग्राफिक कार्ड घे. स्क्रीन मोठा घे. दिवसभर बसायचं तर डोळ्यांना बरं वाटलं पाहिजे. आणि यूपीएस एवढा मोठा कशाला? मशीन बंद करण्यापुरता असला की झालं."

"मला बंद नाही करायचं, सर. इचलकरंजीतली लाईट तुम्हाला माहितीये. पानं तयार होताना मध्येच गेली की सगळं पहिल्यापासून."

"आणि डिस्क दोन कशाला? एकीत मावतंय सगळं."

"असू द्या. माझी हौस."

खरं सांगायचं तर हौस नव्हती. एका डिस्कवर रोजचं काम, दुसरीवर मूळ माहिती आणि माझं शिकणं, असं माझं गणित होतं. पण प्रत्येक गोष्ट समजावत बसायचा मला कंटाळा आहे.

मशीन जुळवून होईपर्यंत दुकानदारानं चहा मागवला. "विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, सगळं टाकून देतो," तो म्हणाला. "त्याचं काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे त्याचे पैसे नाहीत, ताई. सॉफ्टवेअर कोण विकत घेतंय?"

त्याचं बरोबर होतं. तेव्हा आमच्याकडं सॉफ्टवेअर ही विकत घ्यायची वस्तू आहे असं कुणालाच वाटायचं नाही. मशीनचा एकेक स्क्रू पारखून घ्यायचा, आणि त्याच्या पोटात काय भरलंय ते कुणी विचारायचं नाही. पानं करायचं सॉफ्टवेअर मात्र मला माझं हवं होतं. विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स, डेटाबेस आणि एक प्रोग्रॅमची भाषा, हे तिन्ही फुकट मिळायचं आणि चोरीचं नव्हतं. शिकायला लागणार होतं, एवढंच.

"ते शिकायला वर्ष जाईल तुझं," सर म्हणाले. "वेळ आहे का तुझ्याकडं? माझ्याकडं तयार सॉफ्टवेअर आहे. फाइल द्यायची, साचा द्यायचा, आपलं नाव टाकायचं, बटण दाबायचं. पानं तयार. मी स्वतः वापरतोय. घरचंच आहे, घे."

"बघते मी, सर."

"अगं, पाव्हणं देतायत तर घे की," दादा म्हणाला. त्या दुपारी तो पहिल्यांदाच बोलला होता.

तिथं माझं तोंड बंद झालं. आमच्यात बाजारातली वांगी एकेक दाबून बघतात, पण सोयऱ्यानं पिशवीभर आणली तर ती न बघता आत जातात. किडकी निघाली तरी कुणी ब्र काढत नाही. वहिनीच्या भावानं दिलेली वस्तू उलटीपालटी करून बघणं म्हणजे वहिनीच्या माहेराची झडती घेणं. मी मान हलवली. दुसरी डिस्क मात्र सोडली नाही.

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई कॉम्प्युटरवरून एवढी का भांडते.

माझं सासर गडहिंग्लजच्या पुढचं. नवरा मारायचा नाही. हे मला लोक अजून सांगतात, मारत तर नव्हता. तो बाहेर जाताना मला मागच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायचा. दुकानाला गेला तरी कडी, जत्रेला गेला तरी कडी. सासऱ्यांना, तात्यांना, सगळं माहीत होतं. ते सोप्यात बसून पेपर वाचायचे. एकदा शेजारच्या गोठ्याला आग लागली. धूर माझ्या खिडकीतून आत यायला लागला, आणि मी दार बडवत होते. आग विझली. संध्याकाळी नवरा आला, कडी काढली आणि जेवायला काय केलंय म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कडी निघाल्याबरोबर मी चप्पल घातली आणि चालू लागले, ती इचलकरंजीतच थांबले.

दादानं मला घरात घेतलं. पण त्याला लोक विचारायचे, तात्या निरोपावर निरोप धाडायचे. शेवटी दादानं त्यांना शब्द दिला.

"दसऱ्यापर्यंत बघतो," तो मला म्हणाला होता. "तोवर तुझ्या पायावर उभी राहिलीस तर कोण काय बोलणार नाही. नाहीतर तुला जायला लागंल, नूतन. मी तरी किती दिवस लोकांची तोंडं धरू?"

क्लासातल्या पगारावर कुणी पायावर उभं राहत नाही. म्हणून मी हा धंदा शोधला होता. त्या दिवशी दुकानाकडं येताना बसमध्ये दादाला तो समजावून सांगितला होता.

"आपल्याकडं कापडाचा दलाल काय करतो?"

"कापड एकाचं, गिऱ्हाईक दुसरं. मधली दलाली त्याची."

"तेच. परदेशातली दुकानं नेटवरून माल विकतात. आपल्या मालाची सगळी माहिती ती फाइलमध्ये देतात. मी त्याची पानं करायची. गिऱ्हाईक माझ्या पानावर येणार, बटण दाबून त्यांच्या दुकानात जाणार. त्या बटणामागं दलालाचं नाव असतं. माझं नाव मी 'नूतन' असंच ठेवलंय. गिऱ्हाइकानं माल घेतला की त्या नावावर दलाली जमा."

 दादा म्हणाला, "आणि दुकानदारानं नाव बदललं तर?"

"मोठी दुकानं आहेत दादा, ती कशाला बदलतील?" मी म्हटलं होतं.

पुढच्या रस्त्याकडच्या खोलीत मशीन बसलं. वहिनीनं हळदकुंकू वाहिलं, मी तेवढ्यात तिचा हात धरून तांदूळ फटीत पडू दिले नाहीत. सरांनी स्वतः येऊन सॉफ्टवेअर टाकून दिलं. पानं ज्या साइटवर ठेवायची तिचं नाव विकत घ्यायला क्रेडिट कार्ड लागायचं आणि आमच्या घरात ते कुणी पाहिलंही नव्हतं, तेव्हा नावही सरांनी आपल्या कार्डावर घेऊन दिलं. ते पण घरचंच.

मी शिलाईचं आणि विणकामाचं सामान निवडलं. परदेशातल्या बायका एका सुईसाठी नेटवर किती हिंडतात हे बघून मी थक्क झाले होते. दुकानांच्या फायलीत नुसता उकिरडा असायचा, एकच दोरा दहा नावांनी, फोटो एकाचा आणि किंमत दुसऱ्याची. मी ते निवडत बसायचे. सर म्हणायचे, कशाला निवडतेस, सगळं ओत, जितकी पानं जास्त तितकं बरं. मी ओतलं नाही. गिऱ्हाइकाला दाखवताना कापडाचं ठाण झटकून दाखवतात, तशी माझी पानं स्वच्छ असायची. त्या कामाचा मला तेव्हाही अभिमान होता, आजही आहे.

लोक यायला लागले. पानांवर रोज किती जण येऊन गेले ते दिसायचं, आणि तो आकडा महिन्यागणिक चढत होता. माझ्या खात्यात मात्र चहापाण्यापुरतंही काही जमा होत नव्हतं.

"येतात आणि बघून जातात," सर म्हणायचे. "या धंद्यात राम नाही, नूतन. मी पण सोडायच्या विचारात आहे." हेच ते दादाला चहा पिताना सांगायचे. एकदा मी आत भाजी चिरत होते तेव्हा ऐकलं. "दाजी, पोरीची जात. किती दिवस त्या मशीनपुढं बसवणार? तात्या माणूस चांगला आहे. मी बोलतो त्यांच्याशी."

मी हार खाणारी नाही. माझं काहीतरी चुकतंय असं धरून मी दुपारच्या वेळी शिकायला बसले. एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी आली होती, ती मी दुसऱ्या डिस्कवर टाकून घेतली होती. सुरुवातीला नुसता काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. मी त्याला शिव्या घालायचे, पुन्हा बसायचे. श्रावण गेला, गणपती गेले, आणि हळूहळू ते माझं ऐकायला लागलं.

नवरात्रात घट बसले त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची गोष्ट. मी माझी सगळी पानं दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि लिनक्सला सांगितलं, यात 'नूतन' हे नाव किती पानांवर आहे ते मोज. सहज, हात बसावा म्हणून. त्यानं क्षणात उत्तर दिलं. पानं ढीगभर होती आणि 'नूतन' मूठभर.

मला वाटलं माझीच आज्ञा चुकली. पुन्हा दिली. तेवढंच.

मग मी आतलं एक पान उघडलं, क्रोशाच्या सुयांचं. बटणामागचं नाव वाचलं. 'गरुड'. दुसरं उघडलं, काजांच्या दोऱ्याचं. 'गरुड'. मी जी पानं येताजाता तपासायचे ती पुढची, वरवरची, त्यांच्यावर माझं नाव होतं. आत, जिथं गिऱ्हाईक शोधत शोधत थेट उतरतं, तिथं सगळीकडं सरांचं.

आधी मला लाज वाटली. मीच पान न् पान निवडलं होतं आणि मलाच दिसलं नव्हतं. मग राग आला, तो असा की कळफलकावर बोटं टेकवेनात. आणि मग सगळं ओळीनं समजलं. सॉफ्टवेअर त्यांचं, साइटचं नाव त्यांच्या कार्डावर, आणि मी सासरी गेले की मागं उरलेली सगळी पानं त्यांची. तात्यांशी ते कशासाठी बोलत होते तेही समजलं.

मी स्वयंपाकघरात गेले. शालनवहिनी फराळाला शेंगदाणे भाजत होती. मी तिला सगळं सांगितलं, तिला कळेल अशा शब्दांत. ती ढवळत राहिली.

"वन्सं," ती म्हणाली, "तुम्ही माझ्या भावाबद्दल बोलताय."

"हो."

तिनं गॅस बंद केला आणि देवघरात गेली. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मला वाटलं, हे घर आता मला दोन्हीकडून बंद झालं.

दादाला मी सांगितलं नाही. मेहुण्याच्या पाठीमागं बोललेलं त्यानं ऐकून घेतलं नसतं. मला सासरी धाडायचं की नाही यासाठी तात्यांबरोबरची बैठक खंडेनवमीला ठरली होती, कारण त्या दिवशी दादाचं दुकान बंद. मी ठरवलं, जे व्हायचं ते सगळ्यांसमोर.

इचलकरंजीत खंडेनवमीला माग बंद असतात. एरवी रात्रंदिवस चालणारा तो खडखडाट थांबतो आणि गावाला स्वतःचा आवाज ऐकू येतो. दादानं सकाळी अवजारं घासून पुसून, तेल लावून पाटावर मांडली. पक्कड, हातोड्या, पाने, तार भरायचं यंत्र. झेंडूचे हार घातले. मी माझा कळफलक घेऊन गेले.

"हा पण ठेव, दादा."

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. "ज्याच्यावर पोट चालतं ते अवजार. ह्याच्यावर कुणाचं चाललंय?"

"बरं. म्हणजे हे अवजार नाही."

"नाही."

"मग आज चालू ठेवायला हरकत नाही," मी म्हटलं आणि आत जाऊन मशीन सुरू केलं.

दुपारी सरांच्या गाडीतून तात्या आले. पांढरी टोपी, हातात पेढ्यांचा पुडा. बसायची जागा माझ्याच खोलीत होती, कारण घरात दुसरी बैठकीची खोली नव्हती. तात्या खुर्चीवर, दादा कॉटवर, सर माझ्या मशीनशेजारी. मी दारात उभी राहिले. वहिनी आत चहा करत होती.

ख्यालीखुशाली झाली. मग सरांनीच सुरुवात केली. "दाजी, तुम्ही दसऱ्यापर्यंत म्हणाला होता. मी या धंद्यात जुना आहे, मी सांगतो, नूतननं कष्ट केले, पण यात मिळकत नाही. तिचं खातं बघितलं तर..."

"माझं नको," मी म्हटलं. "तुमचं बघू या, सर."

सर थांबले. "माझं काय?"

"दलालीचं खातं. 'गरुड' नावाचं. मशीन चालू आहे, नेट चालू आहे. उघडा."

"नूतन," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात धाक होता.

"दादा, माझ्या पानांवरच्या बटणामागं माझं नाव नाही. सरांचं आहे. तू बसमध्ये विचारलं होतंस ना, नाव बदललं तर? दुकानदारानं नाही बदललं."

 सर हसायचा प्रयत्न करत होते. "अगं, ते सॉफ्टवेअरमध्ये आपोआप येतं. सगळ्यांच्यात येतं. मी कशाला मुद्दाम करीन?"

"असेल. मग आपोआप आलेले पैसेही दिसतील. उघडा."

आणि तेवढ्यात लाईट गेली. सणासुदीला तोडणार नाही असं पेपरात आलं होतं, पण गेली. पंखा मंदावत मंदावत थांबला. सरांच्या चेहऱ्यावर जीव आला. ते उठलेच. "घ्या. आता काय दिसणार? दसऱ्यानंतर निवांत बघू."

टेबलाखालून यूपीएसचा आवाज आला, टीं. थोडं थांबून पुन्हा टीं. माग बंद होते म्हणून तो घरभर ऐकू येत होता. पडदा होता तसाच उजळलेला होता. नेटच्या डबीवरचा हिरवा दिवाही, कारण ती डबीसुद्धा मी यूपीएसलाच जोडली होती.

"बसा सर," मी म्हटलं. "मोठा घेतलाय मी. तुम्हीच विचारलं होतं कशाला म्हणून."

"मला पासवर्ड आठवत नाही."

"धैर्या."

वहिनी होती. हातात चहाचा ट्रे घेऊन दारात, माझ्या शेजारी. पुरुषांच्या बैठकीत ती कधी बोललेली मी तरी ऐकली नव्हती. दादानंही नसावी, कारण तो कॉटवरून अर्धा उठला.

"उघड," ती म्हणाली.

"अक्का, तुला ह्यातलं काय कळत नाही."

"म्हणूनच उघड म्हणते. कळू दे मला."

सरांनी दादाकडं बघितलं. दादा खाली बघत होता. यूपीएस वाजत होता. शेवटी सर बसले आणि त्यांनी खातं उघडलं.

दादाला इंग्रजी येत नाही, पण आकडे वाचता येतात आणि माझ्या साइटचं नाव त्याला पाठ होतं, कारण ते मी भिंतीवर लिहून ठेवलं होतं. तो उठून पडद्यापाशी गेला. एका बाजूला माझ्या साइटचं नाव, समोर महिने, आणि प्रत्येक महिना आधीच्यापेक्षा चढता. जळकी मोटार हुंगतो तसा तो पडद्याजवळ वाकून बघत राहिला.

"हे तुझ्या पानांचं?" त्यानं मला विचारलं.

"हो."

"कधीपासनं?" हा प्रश्न सरांना होता.

"दाजी, मी देणारच होतो तिला. सासरी गेली की एकदम द्यायचं असं..."

"ती गेल्यावर?" दादा म्हणाला. "तिकडं तिला कोण सांगणार होतं?"

 वहिनीनं ट्रे टेबलावर ठेवला. कप वाजले. मला तिचं फार वाईट वाटलं. सरांना उघडं पाडणं मला सोपं होतं, ते माझे भाऊ नव्हते; तिचे होते.

तात्यांनी घसा साफ केला. "हे तुमचं घरातलं तुम्ही निवांत बघा," ते म्हणाले. "आम्ही सूनबाईंना न्यायला आलोय. आणि सर्जेराव, तुमच्या समाधानासाठी सांगतो, मागच्या खोलीची ती कडी आम्ही काढून टाकलीय. पोराला बजावलंय मी."

ते असं म्हणाले, जणू फार मोठं मन केलं होतं. दादानं चहाचा कप उचलला होता, तो त्यानं तसाच खाली ठेवला.

"काढली," तो म्हणाला. "म्हणजे होती."

 मी हे दादाला आल्या दिवशीच सांगितलं होतं. त्यानं तेव्हा ऐकलं होतं, आणि बायका वाढवून सांगतात असं धरून सोडून दिलं होतं. ते मला त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. समोर चार माणसं होती, तरी तो बोलला.

"ती येणार नाही, तात्या."

"मग काय म्हणून राहणार इथं?"

"तिला काम आहे," दादा म्हणाला.

तात्या पेढ्यांचा पुडा न उघडता तिथंच ठेवून उठले. सरही त्यांच्यामागून निघाले. दारात ते माझ्याकडं वळले. "साइटचं नाव माझ्या कार्डावर आहे, नूतन. विसरू नको."

"ठेवा तुम्हाला," मी म्हटलं. "मी नवीन घेईन."

वहिनीनं भावाचा न प्यालेला चहा मोरीत ओतला आणि कप विसळायला घेतला. ती रडत होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले, तिनं मला ढकललं नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "वन्सं, ते यंत्र बंद करा आधी, ते टीं टीं डोक्यात जातंय." मी हसले, आणि मग तीही.

लाईट आली तेव्हा दुपार कलली होती. मी मशीनपुढं बसले होते. दादा आत आला. त्याच्या हातात झेंडूचा एक हार होता, पाटावरच्या कुठल्या तरी अवजाराचा काढून आणलेला.

"बंद कर ते," तो म्हणाला. "खंडेनवमीला अवजार चालवत नाहीत."

मी त्याच्याकडं बघितलं. तो मशीनकडं बघत होता, हार कुठून घालायचा ते शोधत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पदरानं पुसलं, लपवलं नाही.

"जरा थांब, दादा. आधी साफ करायचंय."

"कालच पुसलंस की फडक्यानं."

"आतून. पहिल्या डिस्कवरचं सगळं पुसायचं. विंडोज, सरांचं सॉफ्टवेअर, सगळं. नव्यानं माझं टाकायचं."

"आणि पानं? ती जातील?"

"मूळ माहिती दुसऱ्या डिस्कवर आहे. पानं पुन्हा करीन. ह्या वेळी सगळी माझ्या हातानं."

त्यानं विचार केला. "लय वेळ लागंल?"

"लागेल."

"लागू दे. अवजार साफ केल्याबिगर पूजा व्हत नाही."

मी लिनक्सची सीडी घातली. काळ्या पडद्यावर लिनक्सनं मला इंग्रजीत विचारलं, सगळं पुसू का, यातलं काही परत मिळणार नाही. मी हो म्हटलं. दादा तात्यांच्या खुर्चीवर बसला, हार मांडीवर घेऊन, आणि पडद्यावरची ती बारीक रेघ पुढं सरकताना बघत राहिला.